मिथुनचं पार्सल आणि माझा शनिवार

मिथुनला मी पहिल्यांदा शिव्या घातल्या त्या एका खोक्यावरून. रोह्याच्या अष्टमी भागात आमच्या परसातल्या दोन खोल्यांत तो आणि त्याचा धाकटा भाऊ अक्षय भाड्याने राहायला आले, त्याला महिनाही झाला नसेल. मिथुन धाटावच्या केमिकल कंपनीत ऑपरेटर. आज फर्स्ट शिफ्ट, उद्या नाइट. अक्षय तेव्हा एका दुकानात कामाला. खोलीला कायम कुलूप. एक दिवस पोस्टमन जनू माझ्याच दारात उभा. "ज्युडिथमावशी, जपानहून आलंय. सही करा."

जपानहून! मला वाटलं, कंपनीचं काही महागडं यंत्र असेल. दिवसभर मांजरापासून जपलं. संध्याकाळी मिथुनने खोकं उघडलं तर आत हातात धरून खेळायचा गेम.

"अरे घोड्या, लग्नाचं वय झालं नि खेळणी मागवतोस?"

"खेळणं नाय मावशी. लिमिटेड एडिशन हाय. जगात हजारच केलेत."

"मग बाकीच्या नऊशे नव्व्याण्णव येड्यांची नावं पण सांग."

तो हसला. रागावणं त्याला येतच नसे. मला मात्र येतं, आणि भरपूर येतं.

पुढे त्याची पार्सलं माझ्याच पत्त्यावर, माझ्याच मोबाईल नंबरवर येऊ लागली. तिकडच्या दुकानांची विक्री सुरू व्हायची ती आपल्या सकाळी. नाइट करून सुटलेला हा पोरगा कंपनीच्या गेटबाहेर मोटरसायकलवर बसून, तांबारलेल्या डोळ्यांनी मोबाईल दाबत राहायचा. दहा मिनिटांत माल संपतो म्हणे. मिळालं तर येताना माझ्यासाठी वडापाव, नाही मिळालं तर तोंड पाडून चहा. आणि आणलेलं खोकं खेळायला घेईल तर शपथ! सील तसंच ठेवून फळीवर मांडायचा. सील तोडलं की किंमत जाते, म्हणायचा. खांब गावच्या घरी आईबाप होते तेव्हा दोघा भावांत मिळून एकच गेम होता, जत्रेतला, तोही बटण तुटलेला. हे मला अक्षयने सांगितलं. त्यानंतर मी त्या फळीला नावं ठेवली नाहीत.

मग अक्षयच्या किडन्या गेल्या. सव्विसाव्या वर्षी. मंगळवार, गुरुवार, शनिवार, पेणला डायलिसिस. चार-चार तास पडून राहायचं, आढ्याकडे बघत. एका संध्याकाळी मी डबा द्यायला गेले तर मिथुन जमिनीवर बसला होता, हातात ब्लेड. फळीवरची सगळी खोकी खाली काढलेली. एकेक सील कापत होता.

"अरे, किंमत जाईल ना?"

"जाऊ दे," एवढंच म्हणाला.

पण उपयोग झाला नाही. अक्षयच्या डाव्या हातात सुया, तो हात हलवायचा नाही, आणि हे सगळे गेम दोन हातांचे. मिथुनने दोन महिने शोधाशोध केली. ओसाकातल्या एका छोट्या कारखान्याने एका हाताने खेळायचा गेम काढला होता. पाचशेच नग, पुन्हा काढणार नाहीत. त्यातला एक मिथुनला मिळाला. पार्सल निघालं त्या दिवसापासून अक्षय उजव्या हाताचा अंगठा हवेत नाचवत फिरायचा. "मावशी, प्रॅक्टिस!" मला हसू यायचं.

आता माझं सांगते. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी दिवा लावला की शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत पैशाला हात नाही, पेनाला नाही, मोबाईल बंद करून कपाटात. माझा नवरा जेकब गेला, लेक शीरा इस्रायलला गेली, रोह्यात आमची माणसं बोटावर मोजण्याइतकी राहिली. शनिवार मात्र मी सोडला नाही. जनूला हे ठाऊक. शनिवारचं पार्सल तो न विचारता सोमवारी आणायचा.

त्या शनिवारी अक्षय एसटीने पेणला गेलेला. मिथुनची शिफ्ट तीनला सुटायची, पण त्याच्या जागी येणारा रिलीव्हर आला नाही. रिलीव्हर आल्याशिवाय रिॲक्टर सोडून हलता येत नाही, म्हणून तो दुसऱ्या शिफ्टलाही तिथेच. चारच्या सुमाराला दारात गाडी थांबली. जनू नव्हता. कुरिअरचा कुणी नवा माणूस, डोक्यावरचं हेल्मेटसुद्धा न काढलेला.

"आजी, कस्टमचे पैसे द्या आणि ओटीपी सांगा."

खोक्यावरची जपानी अक्षरं मी ओळखली. काय आहे ते मला कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी कधी म्हणणार नाही.

"आज माझा शनिवार. सोमवारी ये, बाबा."

"सोमवारी नाय येणार. दोनदा फोन केला, बंद. आज घेतला नाय तर माल परत जाईल."

असं सगळेच म्हणतात, मी मनात म्हटलं. शेजारची अनिता ओटीवर मच्छी साफ करत बसली होती. एक हाक मारली असती तर पैसे तिने दिले असते, कपाटातला मोबाईल तिनेच काढला असता. पण आपण शिवायचं नाही आणि दुसऱ्याकडून करून घ्यायचं, ही पळवाट मला कधी पटली नाही. शिवाय, खरं सांगते, घमेंडही होती. माझ्या शनिवारासाठी सगळं गाव थांबतं, याची. गाडी गेली. मी दार लावून घेतलं.

सोमवारी कुणी आलं नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी मी मिथुनला भीत भीत विचारलं. "कस्टममध्ये अडकलंय, मावशी," तो म्हणाला. मला हायसं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं. माझी चूक कस्टमच्या माथी गेली आणि मी ती जाऊ दिली. वर आमच्या प्रेषिताला, एलियाहू हन्नाबीला मलिदा केला, पार्सल लवकर येऊ दे म्हणून. भिजवलेले पोहे, नारळ, गूळ, केळी. अक्षयला नारळ नि केळं दोन्ही वर्ज्य. त्याने नुसते हात जोडले.

तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, पेणला डायलिसिस चालू असतानाच तो गेला.

खोकं पुन्हा आलं ते त्याच्या दहाव्यानंतर. बुधवार होता. मी पैसे दिले, ओटीपी सांगितला, सही केली. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम. मिथुन शिफ्टवरून आला तेव्हा मी ते मांडीवर घेऊन पायरीवर बसले होते.

"मिथुन, हे आधी एकदा आलं होतं. मी परत पाठवलं. कस्टमने नाय, मी."

"माहीत हाय, मावशी." त्याने बूट काढले, बाजूला ठेवले. "त्या रात्री शिफ्ट सुटल्यावर मोबाईल बघितला. घेणाऱ्याने नाकारलं, असं आलं होतं. मग पुन्हा पाठवा म्हणून त्यांना लिहिलं."

"आणि तू गप्प बसलास? शिव्या घालायच्या होत्यास, मेल्या! दार तोडायचं होतंस माझं!"

"तेच करणार होतो. तुमच्याकडेच निघालेलो. अक्षयने हात धरला." त्याने पायमोजे काढून बुटांत कोंबले. "म्हणाला, दादा, आज शनिवार ना, मग मावशी कशी घेईल? तिला सांगू नको. कळलं तर ती जेवायची नाय."

मी खोकं कवटाळून रडले. तीन आठवडे तो पोरगा माझ्या दारावरून पेणच्या एसटीला जात होता, आणि दर वेळी पायरीपाशी थांबून मला विचारत होता, "मावशी, जेवलात का?"