सुलभाताईंचं माळरान

सुलभाताईंसमोर त्या मैदानाला कुणी 'रिकामी जागा' म्हटलं की संपलंच! "रिकामी? डोळे घरी ठेवून आलात का?" असं म्हणत त्या माणसाला थेट लिफ्टने खाली घेऊन जायच्या. सिंगापुरात तोआ पायोहमधल्या त्यांच्या ब्लॉकमागे जुनी इमारत पाडल्यावर जागा तशीच पडून होती. तिथे एकदांडी, लाजाळू, निळी गोकर्ण, आणि गवताच्या काड्यांना लोंबकळून बी खाणाऱ्या मुनिया. बँकेत आम्ही शेजारी बसायचो, तेव्हापासून मी हे ऐकत आले होते. निवृत्तीनंतर तर पॅन्ट मोज्यांत खोचून बाई सकाळ-संध्याकाळ तिथेच. "अगं, हळू! कुणाच्या तरी स्वयंपाकघरात उभी आहेस तू," असं मला दटावायच्या. आता त्या नाहीत, म्हणून हे सांगायला मी उरले.

शेवटच्या वर्षी तिथे टिटवीने अंडी घातली, उघड्यावर, चार खड्यांमध्ये. ताईंनी गवत कापणाऱ्या तमिळ मुकादमाला गाठलं. त्या भल्या माणसाने तेवढ्या तुकड्याभोवती फीत बांधून दिली. "पिल्लं पळायला लागली की खुशाल काप, असं सांगितलंय त्याला," ताई म्हणाल्या. एकट्या राहणाऱ्या त्या बाईला इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं.

सातव्या मजल्यावर निखिल राहायचा. पुण्याचा, आयटीत मॅनेजर, बोलायला गोड. त्याचे वडील तिकडे आयसीयूत होते आणि इकडे आलेल्या सासूबाईंना रोज संध्याकाळी टिटवी ऐकू यायची. टिटवी ओरडली की घरातलं माणूस जातं, असं त्यांनी सांगितलं. ऑफिसात उठसूट पुरावे मागणाऱ्या या गृहस्थाने लगेच तक्रार ठोकली, की गवतात साप आहेत, मुलांना धोका आहे. साप कसला, डोंबल! पण तक्रार म्हटल्यावर इथली तत्परता विचारूच नका. दुसऱ्या सकाळी मशीन फिरलं. वरून हुकूम आल्यावर मुकादम तरी काय करणार?

मी पोचले तेव्हा ताई त्या भुंड्या जमिनीवर उभ्या होत्या. पायाशी टरफलं, डोक्यावर टिटव्यांची जोडी आकांत करत फिरत होती. "ओरडा गं, ओरडा," ताई म्हणाल्या, "सातव्या मजल्यापर्यंत जाऊ दे." मला निखिलचा तेव्हा जो संताप आला, तो अजून गेलेला नाही.

पुढच्या पंधरवड्यात तो पेढे घेऊन ताईंच्या दारात. मी आत चहा घेत होते.

"ताई, बाबा घरी आले! ती टिटवी गेली आणि बघा, दुसऱ्याच दिवशी उतार पडला."

"बाबा बरे झाले, फार चांगलं झालं," ताई म्हणाल्या. "पण पेढा नको रे. मला सुतक आहे."

"अरेरे! कोण गेलं?" त्याने अगदी मनापासून विचारलं.

ताईंनी दार लावून घेतलं.