भडगावचं पाणी, भडगावची वीज

आमची गाडी पेट्रोल पीत नाही, डिझेल पीत नाही. आणि आमचे हे भडगावचं पाणी पीत नाहीत.

पहिल्या गोष्टीचं कारण सोपं आहे, गाडी विजेवर चालते. दुसऱ्या गोष्टीचं कारण मी आहे. हे मला नऊ वर्षं माहीत होतं आणि फक्त मलाच माहीत होतं!

भडगावला यांची थोरली बहीण असते, आक्का. नऊ वर्षांपूर्वी तिने नवीन घर बांधलं. वास्तुशांतीच्या आधी एका लग्नात आम्ही भेटलो. हे पंगतीत वाढत होते. आक्काने पत्रिकेचं पाकीट माझ्या हातात ठेवलं.

"सुमन, भाऊला दे. माहेरचा आहेर त्याच्याच हातून आला पाहिजे. विसरू नको बरं!"

मी मान डोलावली. (मान डोलवायला मला फार छान जमतं. बोलायचं तेवढं राहून जातं.) पाकीट पिशवीत ओटीच्या नारळाखाली घातलं. घरी आल्यावर नारळ काढला, खण काढला आणि पिशवी खुंटीला टांगली. पुन्हा ती पिशवी खाली उतरली ती दीड महिन्याने, शेवग्याच्या शेंगा आणायला निघाले तेव्हा. तळाशी पाकीट!

तोवर वास्तुशांती होऊन गेली होती. तिकडे आक्काने भावाची वाट बघत पूजा दुपारपर्यंत अडवून धरली होती. इकडे यांना केळीच्या वखारीवर कुणीतरी विचारलं, "काय हो, बहिणीच्या वास्तुशांतीला दिसले नाहीत?" हे घरी आले ते अंगणात उभं राहूनच गरजले, "सख्ख्या भावाला बोलावलं नाही! आता त्या घरचं पाणी पिणार नाही!" मी आत भाकरी थापत होते. भाकरी करपली, पण आक्काने दिलेलं पाकीट कुठे ठेवलं ते आठवेना आणि तसं सांगायची हिंमतही होईना. आणि नंतर पाकीट सापडलं ते मी ट्रंकेत, लग्नाच्या शालूच्या घडीत ठेवलं. उद्या सांगू म्हटलं. असे पुष्कळ उद्या झाले. लग्नकार्यात बहीणभाऊ समोरासमोर आले की हे मांडवाचे खांब मोजायचे आणि आक्का पत्रावळी मोजायची. मी मात्र आचाऱ्याला मदत करायला पळायचे.

आता गाडीकडे येते. मुलगा पुण्याला असतो, त्याने ही गाडी घेऊन आमच्याकडे फैजपूरला ठेवली. यांचा जन्म ट्रॅक्टरवर गेला. टाकीत काडी बुडवून डिझेल बघणारा माणूस! गाडीच्या पडद्यावर बॅटरीचा आकडा दिसतो, त्यावर यांचा काडीचा विश्वास नाही.

"कंपनीवाले मुद्दाम कमी दाखवतात," हे म्हणतात. "शून्य झालं तरी आत थोडं शिल्लक असतंच."

मे महिन्यात चाळीसगावला माझ्या भाचीचा साखरपुडा होता. तो आटोपून सकाळी परत निघालो. जिथे चार्जिंग करायचं ठरलं होतं, तिथल्या यंत्रावर कागद चिकटवला होता, 'बंद आहे'. आकडा होता चोवीस.

"जळगावपर्यंत आरामात जाईल," हे म्हणाले आणि त्यांनी एसी आणखी वाढवला.

मला थंडी वाजत होती. एसीने बॅटरी लवकर उतरते हे मुलाने मला चार वेळा सांगितलेलं. पण सांगायचं कसं? मी पदर अंगभर लपेटून घेतला आणि आकड्याकडे बघत बसले. अठरा. तेरा. आठ. भडगाव जवळ आलं. तेवढ्यात पडद्यावर एक छोटं कासव उगवलं आणि गाडी बैलगाडीसारखी चालायला लागली.

"हे कासव कुठून आलं?" हे ओरडले.

देवळात गाभाऱ्यासमोर कासव असतं. मला दुसरं काही सुचलं नाही. मी हात जोडले.

"अगं, नमस्कार काय करतेस! मुलाला फोन लाव!"

मुलगा म्हणाला, "पप्पा, तुम्ही जिथे आहात तिथे थांबा आणि मोठा प्लग शोधा. एसीचा असतो तसला. डिकीतली वायर लावा."

समोर रसवंती होती. तिथे लहान प्लग. पुढे पंक्चरवाला. त्याच्याकडे मोठा प्लग होता, पण जळलेला. शेवटी एका पिठाच्या गिरणीवर विचारलं, तर तिच्या दाराला कुलूप! शेजारच्या टपरीवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि हात लांब करून दाखवला.

"तो पांढरा बंगला दिसस ना? नानाकडे जा. त्यासनाकडे घरघंटी शे, मोठा प्लग शे."

नाना म्हणजे आक्काचे मालक. पांढरा बंगला म्हणजे तोच!

यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "तिथे नाही!" म्हणून यांनी गाडी पुढे दामटली. गाडी तेवढं ऐकून पांढऱ्या बंगल्याच्या फाटकासमोर आली आणि तिथेच बसली. शिल्लक काही नव्हतं. यांनी तरी पाय दाबून पाहिला. कासवसुद्धा विझलं.

"तू जा," हे म्हणाले. "मी उतरणार नाही."

मी? जिने नऊ वर्षांत फोनवर 'हॅलो'च्या पुढे मजल मारली नाही ती? पण बाहेर ऊन असं होतं की विचार करायलाही सावली नव्हती. गेले. दार नानांनी उघडलं.

"काय व्हयनं बाई? बठ्ठं ठीक शे ना?"

मी नुसतं मागे बोट दाखवलं. नानांनी गाडी बघितली, आतला मेहुणा बघितला, माझ्या हातातली काळी वायर बघितली आणि त्यांना सगळं समजलं. त्यांनी घरघंटीचा, म्हणजे घरातल्या पिठाच्या चक्कीचा, प्लग काढला, आमचा घातला, वायर खिडकीतून बाहेर काढली. गाडीवर हिरवा दिवा लागला.

"भाऊ, घरमा ये ना!"

"नाना, मी या घरचं पाणी पिणार नाही म्हटलंय," हे काचेतून म्हणाले. "वीज घेणार नाही असं म्हटलेलं नाही. वीज सरकारची असते."

"पानी बी नगरपालिकानं शे! मंग पे ना!"

यांनी काच वर केली.

मुलाने फोनवर हिशेब सांगितला, घरच्या प्लगवर जळगावपुरती बॅटरी भरायला चार-पाच तास लागतील. चार-पाच तास! मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. आक्का माझ्याकडे न बघता मेथी निवडत होती. एक-एक पान असं तोडत होती की मला माझीच मान दिसायला लागली.

"त्याला सांग," आक्का मेथीला म्हणाली, "गाडीत भाजून निघशील. ओट्यावर येऊन बस."

मी बाहेर जाऊन सांगितलं.

"तिला सांग," हे म्हणाले, "आम्हाला सवय आहे. बोलावल्याशिवाय आम्ही कुणाच्या दारात जात नाही."

मी आत आले. "ते म्हणाले, येतो थोड्या वेळाने."

(अख्ख्या खानदेशात या दोघांना निरोप पोचवायला माणूस सापडला तो मीच! ज्या टपालपेटीत पत्र अडकलं, तिच्यातच पुन्हा पत्रं टाकत होते.)

तासाभराने हे ओट्यावर आले. घामाने सदरा अंगाला चिकटलेला. "ओटा म्हणजे घर नव्हे," त्यांनी जाहीर केलं. आणखी अर्ध्या तासाने आक्काने माझ्याबरोबर ताकाचा तांब्या पाठवला. यांनी तांब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"ताक म्हणजे पाणी नव्हे," असं म्हणून एका दमात संपवलं.

मी मनातल्या मनात आकडा मोजत होते. चाळीस झाले की सुटलो. त्याआधी पत्रिकेचा विषय निघता कामा नये, बस. गाडीवर अठरा झाले होते. तेवढ्यात शेजारची बाई ज्वारी-उडदाचं कळणं दळायला डबा घेऊन आली. तिच्या घरी पाहुणे जेवायचे होते. आक्का कुणाला नाही म्हणत नाही. आमची वायर निघाली, घरघंटी लागली, घरभर खडखडाट. दळण अर्ध्यावर आलं आणि वीज गेली!

पंखे थांबले. शेजारीण "आली की बघते" म्हणून डबा ठेवून गेली. बाहेर पत्रा तापून टकटक वाजत होता. ओट्यावर आता बसवेना, म्हणून हे उठून उंबऱ्यावर टेकले, एक पाय आत, एक बाहेर. ("उंबरा दोन्हीकडचा असतो.") आक्का आतल्या खोलीच्या दारात येऊन बसली. नाना मधे पुठ्ठ्याने वारा घेत होते. मी भिंतीला पाठ लावून भिंतच व्हायचा प्रयत्न करत होते.

आणि मग आक्का पहिल्यांदा सरळ भावाशी बोलली.

"माझ्या हातून काय चुकलं ते तरी सांग. पूजा थांबवून मी रस्त्याकडे बघत होते. माहेरचा आहेर आला नाही म्हणून नानांनी स्वतःच साडी आणून माझ्या अंगावर टाकली. बायका बघत होत्या."

"न बोलावता येऊ?" यांचा आवाज चढला. "परक्याच्या तोंडून कळलं मला! परक्याच्या!"

"न बोलावता? पत्रिका पाठवली ना मी!"

"कुठली पत्रिका?"

"कुठली म्हणजे? माझ्या हाताने..." आक्का बोलता बोलता थांबली.

दोघांनी हळूहळू माना वळवल्या. नानांचा पुठ्ठा थांबला.

आता पळायला आचारी नव्हता. मला वाटलं, मेले तरी चालेल, पण सांगून मरावं. मी डोळे मिटले, नऊ वर्षांचा सगळा धीर गोळा केला आणि म्हणाले...

आणि त्याच क्षणी वीज आली! घरघंटीचं बटण चालूच राहिलं होतं. खडखड खडखड खडखड!

"काय?" हे म्हणाले.

मी पुन्हा म्हणाले.

"काय म्हणतेस?" आक्का.

मी आणखी मोठ्याने म्हणाले. नानांनी कानामागे हात धरला. मग माझंही डोकं फिरलं. जन्मात कधी ओरडले नव्हते तशी बेंबीच्या देठापासून ओरडले, "पत्रिका मी दिलीच नाही! पिशवीत विसरले! ती पत्रिका ट्रंकेत ठेवलीय!"

यातलं शेवटचं वाक्य ओरडायच्या आधी नानांनी घरघंटी बंद केली होती.

समोरच्या दोन्ही घरांच्या खिडक्या उघडल्या. शेजारीण डबा न्यायला आली होती ती फाटकातच उभी राहिली. सगळ्या कॉलनीला कळलं, की माझ्या ट्रंकेत काय आहे.

"नऊ वर्षं?" हे म्हणाले.

मी मान डोलावली.

"नऊ वर्षं गं सुमन!" आक्का म्हणाली. "आणि मी या मुक्या बाईच्या हातात पत्रिका दिली! चूक माझीच!"

आणि ती हसायला लागली. हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला, पदर लावूनही हसत राहिली. नाना म्हणाले, "चला, बठ्ठा घोटाळा फिटना." मी यांच्याकडे बघायला घाबरत होते. हे उठले. उंबऱ्याबाहेरचा पाय आत घेतला. माझ्या शेजारून सरळ माठापाशी गेले, तांब्या बुडवला आणि उभ्या उभ्या गटगट पाणी प्यायले. पुन्हा बुडवला. पुन्हा प्यायले.

"आक्का," तोंड पुसत म्हणाले, "मघापासून घसा कोरडा पडलाय. ताकाने काही होतं का?"

माझ्या छातीवरून घरघंटी उचलल्यासारखं वाटलं. मी खाली बसले आणि आक्काची राहिलेली मेथी निवडायला घेतली, दोन्ही हातांनी, भराभर.

मग काय, बोलणं सुरू झालं ते थांबेना. आईच्या आठवणी, केळीचे भाव, नानांचे गुडघे. कळण्याच्या भाकरी झाल्या, वांग्याचं भरीत झालं. ऊन उतरलं तेव्हा हे उठले. "निघतो आता. गाडी भरली असेल."

गाडीवर अठराच होते. दळण संपल्यावर वायर पुन्हा लावायची कुणालाच आठवण झाली नव्हती!

"भरेल की रात्रीत," आक्का म्हणाली. "राहा आज."

आणि हे चक्क "बरं" म्हणाले.

सकाळी आकडा शंभर. आक्काने नातवाच्या बारशाची पत्रिका दिली ती माझ्यासमोरून नेऊन सरळ भावाच्या खिशात घातली, वर खिशाचं बटण लावलं. "सुमन, तू फक्त ती वायर तेवढी गुंडाळून डिकीत ठेव." मी मान डोलावली.

फैजपूरला पोचलो. शालूच्या घडीतून मी पत्रिका काढून यांना दिली. यांनी ती चष्मा लावून पूर्ण वाचली आणि म्हणाले, "छापली मात्र छान होती." त्या वाक्यावर मी नऊ वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवले. संध्याकाळी हे गाडी चार्जिंगला लावायला गेले आणि डिकीत डोकं घालून बराच वेळ काहीतरी शोधत राहिले. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"सुमन," आक्का म्हणाली, "तुमची ती काळी वायर माझ्या फाटकाला टांगलेली आहे. तुम्ही यायचं नाही, मीच उद्या एसटीने घेऊन येते. माहेरी येऊन नऊ वर्षं झाली. कोणत्या गाडीने निघते, किती वाजता घ्यायला यायचं, सगळं सांगायचंय. तुला नाही, भाऊला दे फोन!"

मी फोन घेतला आणि सरळ नेऊन यांच्या हातात दिला. वाटेत कुठेही ठेवला नाही!