दहाचे आठ झाले अन् भोंगा वाजलाच नाही

कॉम्प्युटरच्या स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनो, हे वाचाच.

दुपारी मूर्तिजापूरच्या एका दवाखान्यातून शबाना सिस्टरचा फोन आला. "भाऊ, लसींच्या फ्रिजवर दहा डिग्री दिसून राहिले. तुमचा भोंगा काहून नाही वाजला?"

फ्रिजचं तापमान आठच्या वर गेलं की भोंगा वाजवणारी शेल स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला दिलेल्या हुकुमांची यादी, माझीच होती.

"पयले लसी बर्फाच्या पेटीत हलवा!" म्हटलं अन् अकोल्यातूनच लॉगिन केलं. फ्रिज आकडा '010' असा पाठवत होता. पुढं शून्य दिसलं की शेल, म्हणजे हे हुकूम चालवणारा प्रोग्राम, दहाऐवजी आठाच्या गटानं मोजतं, म्हणून त्याच्या लेखी हे आठच, आठच्या वर नाहीच! आकड्यापुढं '10#' जोडलं, म्हणजे दहाच्याच गटानं मोज. लगेच फोनमधून भोंगा ऐकू आला.

तासाभरानं सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टरसायबानं तपासल्या. लसी चांगल्या हायेत."

तेव्हा कुठं मी पाणी प्यालो.

तुमच्या स्क्रिप्टमध्ये असं शून्य येत नाही ना?