बयाआत्तीची सोनोग्राफी

शिवाजी पेठेत चटणी कुटायचं डंखाचं यंत्र चालवणारी माझी बयाआत्ती कुणाच्या बापाला भ्यायची नाही. चटणी वजनात कमी भरली म्हणून भांडायला आलेले पैलवान गडी तिच्यापुढं मांजर होऊन परत गेलेत. त्या बाईला गेल्या महिन्यात मी थरथरताना बघितलं आणि माझंच अवसान गळालं.

साखरेचा आजार, त्यात डाव्या पायाचं बोट काळं पडलेलं. पायाची रक्तवाहिनी चोंदली होती. मोकळी झाली तर पाय राहणार, नाहीतर गुडघ्याखाली कापायचा. मूत्रपिंडं दुबळी, म्हणून एक्स-रेत रक्तवाहिनी दिसावी म्हणून सोडतात ते रंगाचं औषध फार सोडता येणार नव्हतं. डॉक्टर म्हणाले, जांघेतून बारीक नळी घालून रक्तवाहिनीच्या आतूनच सोनोग्राफी करू, मग फुगा फुगवून वाट करू.

आत्तीनं त्यातला एकच शब्द धरला. पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही असं बजावलेलं असताना सकाळी दोन तांबे पाणी पिऊन ती लघवी दाबून बसली. सोनोग्राफीला असंच जायचं असतं, हे पेठेतल्या कुठल्याही बाईला ठाऊक. नर्सच्या लक्षात आलं आणि काम तीन तास पुढं गेलं. मी आत्तीवर खेकसलो. ती उलटून एक शब्द बोलली नाही, तेव्हा मला खरी भीती वाटली.

शेवटी आत नेलं. मला काचेपलीकडच्या खोलीत उभं केलं. जांघ तेवढी बधिर, आत्ती टक्क जागी. पडद्यावर करडं वर्तुळ आलं, मधे सुईएवढं भोक. आत्तीनं डोळे गच्च मिटले. पाय हलवू नका, नळी आत आहे, असं डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगत होते आणि तिची हनुवटी लटलट कापत होती. फुगा फुगवून काढला, नळी परत आत गेली. डॉक्टर पडद्याकडं बघत गप्प उभे राहिले.

डोळे न उघडताच आत्तीनं विचारलं, "हलतंय का?"

"काय, मावशी?"

"आत. काय हलतंय का न्हाय?"

"हलतंय की. रक्त धावतंय. बघा तरी."

तिनं बघितलं आणि हमसून हमसून रडायला लागली. पाय वाचला म्हणून रडतेय, असं मला वाटलं.

घरी आल्यावर आईनं सांगितलं. आत्तीची याआधी सोनोग्राफी एकदाच झाली होती, लग्नानंतर सहाव्या वर्षी, पोटुशी असताना सातव्या महिन्यात. तेव्हाचे डॉक्टरही असेच पडद्याकडं बघत गप्प राहिले होते, आणि तिनं हेच विचारलं होतं.