नित्याच्या लिव्हरमधला डाग

भुताखेतांचे अनुभव वाचायला मला आवडतात, पण ताटात लोणचं आवडतं तेवढेच. त्यावर पोट भरत नाही. माझा पेशाच असा की माणूस आतून जसा असतो तसा पडद्यावर दिसतो... आणि आजवर कुणाच्या फिल्मवर आत्माबित्मा आलेला मी पाहिलेला नाही. तेव्हा पुढचं वाचून मला अंधश्रद्धाळू म्हणू नका. वेंधळा म्हणा, चालेल. घरचे पहिल्यापासून म्हणतातच.

मी एमआरआय टेक्निशियन. गोष्ट गुडगावची, मोहरीच्या शेतांमधून काचेच्या बिल्डिंगा आणि मॉल उगवत होते तेव्हाची. आमचं सेंटर नवं, मशीन कोरं करकरीत. एमआरआय मशीन म्हणजे एक प्रचंड लोहचुंबक. लोखंडाचं काहीही त्या खोलीत न्यायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी जेवणाचा डबा हातात घेऊन आत गेलो. डब्याची लोखंडी कडी मशीनने ओढली, डबा हातातून उडाला, आणि त्यातला राजमा पेशंटच्या गादीवर. तेव्हापासून सेंटरमध्ये माझं नाव ‘राजमा’. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे झालं त्याचं सगळ्यांना सोयीचं उत्तर तयार होतं – राजमाने घोळ घातला असणार.

आम्ही तिघे भाऊ, दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो. वडील लवकर गेले. दादा त्यांच्याच ऑफिसात चिकटला आणि त्याने आम्हा दोघांना शिकवलं. मी मधला, मिलिंद. धाकटा नितीन, म्हणजे नित्या, मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या फॅक्टरीत सुपरवायझर. दादाने दारूला कधी हात लावला नाही, आणि लिव्हर गेलं ते नेमकं त्याचंच, जुन्या काविळीने. डॉक्टर म्हणाले, आता ट्रान्सप्लांट. जवळच्या नातेवाईकाने लिव्हरचा तुकडा द्यायचा, देणाऱ्याचं पुन्हा वाढतं. माझा रक्तगट जुळेना, वहिनीचा जुळेना, पोरं लहान. जुळला तो नित्याचा.

“दादा, अर्धं तुझं,” नित्या सगळ्यांसमोर म्हणाला. वहिनी पदर डोळ्यांना लावून आत गेली.

ऑपरेशनआधी देणाऱ्याच्या लिव्हरचा कॉन्ट्रास्ट एमआरआय लागतो. शिरेतून डाय सोडायचा, आणि तो लिव्हरमध्ये कसा पसरतो त्याचे फोटो एकामागून एक काढायचे. कुठे गाठ असेल, नसांची रचना वेगळी असेल, तर कळतं. मीच पुढे होऊन म्हटलं, आमच्याकडे करू, घरचं माणूस आहे. हा मोठेपणा नडला.

मी नित्याच्या हातात सुई लावत होतो. खोलीत आम्ही दोघंच.

“मिल्या, यात काही निघालं तर मला द्यावं लागणार नाही ना?”

“काही निघत नाही. बैलासारखा आहेस तू.”

“मग काढ की काहीतरी.”

मी वर बघितलं. तो हसत नव्हता.

“यार, माझं लग्न ठरतंय. पोटावर हा एवढा कट. तुझ्याच हातात आहे ना सगळं? कोण विचारतंय?”

मी त्याला जी शिवी दिली ती इथे छापणार नाहीत. शिवाय ती आमच्या सामाईक आईबापांवरूनच होती, म्हणजे मलाही लागू. वर म्हटलं, द्यायचं नसेल तर दादाला तोंडावर सांग. तो म्हणाला, “मजाक करतोय रे.” आणि जाऊन मुकाट्याने आडवा झाला.

काचेच्या अलीकडून मी माइकवर सांगत होतो – श्वास घे, सोड, थांबव. लिव्हर श्वासाबरोबर हलतं, म्हणून फोटोपुरता श्वास रोखावा लागतो. नित्याने इतका सुरेख रोखला की फोटो आरशासारखे आले. डाय सोडला. आधी धमन्या उजळल्या, मग मोठी शीर, मग सगळं लिव्हर भातासारखं पांढरं... आणि उजव्या बाजूला, नेमका जो तुकडा काढायचा होता त्यात, एक काळा गोल डाग. भातात खडा असावा तसा.

पहिला विचार आला तो ‘घोस्ट’चा. हसू नका, आमच्या धंद्यात खरंच घोस्ट असतो. मोठ्या धमनीच्या ठोक्यामुळे फोटोत भलतीकडेच एक खोटा ठिपका उमटतो. त्याला पकडायची युक्तीही ठरलेली. फोटो वाचायची दिशा बदलायची. घोस्ट असेल तर जागा सोडतो. मी दिशा बदलली. डाग होता तिथेच. पुन्हा घेतला. तिथेच.

आमच्या रेडिओलॉजिस्ट भल्ला मॅडमना बोलावलं. त्यांनी बराच वेळ बघितलं.

“राजमा, सच बोल, तूने कुछ किया तो नहीं?”

“मॅडम, मेरा भाई है.”

“इसीलिए पूछ रही हूँ.”

मग त्यांनी स्वतः समोर उभं राहून आणखी फोटो घ्यायला लावले. डाग होता. मॅडमनी रिपोर्ट लिहिला, हॉस्पिटलने नित्याला बाद केलं, आणि डाग कसला ते बघायला पुढच्या तपासण्या सांगितल्या.

दादाला मी सांगितलं. तो पिवळाधमक, पोट पाण्याने फुगलेलं. म्हणाला, “मिल्या, नेहमीसारखा घोळ तर नाही ना घातलास?” मी नाही म्हटलं. त्याने विश्वास ठेवला. मग म्हणाला, “माझं राहू दे. आधी नित्याचं बघा.” त्यानंतर मी दिसलो की त्याचं एकच – नित्या गेला का डॉक्टरकडे? पोरगं घाबरलं असेल, तू बरोबर जा. नित्या म्हणायचा, जातो, बघतो, तारीख मिळाली नाही. दुसरा कुणी देणारा मिळाला नाही, आणि दादा गेला. शेवटच्या शुद्धीत त्याने नित्याचा हात धरून ठेवला होता, याला काही होऊ देऊ नका म्हणत. नित्या रडत होता. मीही.

नंतर बऱ्याच दिवसांनी राजबीर भेटला. आमच्याकडून नोकरी सोडून नोएडाच्या एका सेंटरला लागलेला टेक्निशियन. चहा पिता पिता म्हणाला, “तेरा छोटा भाई आया था हमारे यहाँ. लिवर तो एकदम क्लीन है, टेन्शन मत ले.”

मी त्याच्याबरोबर नोएडाला गेलो. फिल्म स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्या. वाटलं, फिल्म दुसऱ्याच कुणाच्या असतील. पण नित्याला जन्मापासून प्लीहेच्या शेजारी लिंबाएवढी आणखी एक छोटी प्लीहा आहे. ती आमच्या फिल्ममध्ये होती तशीच इथेही. माणूस तोच, लिव्हर तेच. डाग नाही. नुसताच गेला असं नाही, तिथे कधी काही होतं अशी खूणही नाही.

दुसऱ्या दिवशी मानेसरला फॅक्टरीच्या गेटवर उभा राहिलो. शिफ्ट सुटली, नित्या कंपनीच्या बसकडे निघाला होता.

“नोएडाचा रिपोर्ट कधीचा?”

तो थोडा चपापला. मग खांदे सैल सोडले. “दादा होता तेव्हाचा.”

“आणि बोलला नाहीस?”

“एकदा सुटलो होतो, यार. परत कशाला अडकू?” आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून, अगदी मनापासून म्हणाला, “तुला थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं. तू शिवी दिलीस तेव्हा वाटलं नव्हतं करशील म्हणून.”

“नित्या, मी काही केलं नाही.”

“बरं, नाही केलंस,” तो म्हणाला, आणि डोळा मारून बसमध्ये चढला.

मारायला हात उचलायचंसुद्धा मला सुचलं नाही. ज्या भावाने दगा दिला तो मला त्यात भागीदार समजून आभार मानत होता. माझं मशीन, माझे हात, माझे फोटो... सगळे त्याच्या बाजूने गेले होते, आणि मला कुणी विचारलंही नव्हतं.

त्या रविवारी वहिनीकडे जाऊन सगळं सांगितलं. ती मटार सोलत होती. शेवटपर्यंत हात थांबले नाहीत.

“भावजी, एकच विचारते. तो डाग होता का?”

“होता, वहिनी.”

“आणि नोएडाला?”

“नव्हता.”

“मग गेला कुठे?”

मी घोस्ट सांगितला, दिशा बदलून बघितलेलं सांगितलं, भल्ला मॅडमचं सांगितलं. लोकांच्या पोटात काय आहे ते सांगण्यावर माझं घर चालतं, आणि मला स्वतःलाच माझं बोलणं पाठ केलेल्या जबानीसारखं ऐकू येत होतं. शेवटी म्हटलं, मला माहीत नाही. आजही नाही. मॅडमनाही नाही, मी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावून त्यांना दाखवल्या, तर त्यांनी लाईट बंद केला आणि म्हणाल्या, घर जा.

वहिनी “बरं” म्हणाली. चहाही दिला. तेव्हापासून ती मला भावजी म्हणत नाही, मिलिंदराव म्हणते.