शेंदूर फासलेले दिवे

अंगणातले सौर दिवे मी आईसाठी लावले होते. संध्याकाळी ती फाटकापाशी बाकड्यावर शेजारच्या गुजराती आजींशी, बांशी, गप्पा मारत बसते आणि अंधार पडल्यावर परत येते. एकदा याच वाटेवर, पायरीपाशी ती पडली. तेव्हापासून ठरलं होतं की दिवे लागले तर ती एकटी येणार, नाहीतर मी हात धरून आणणार.

दसऱ्यानंतर दिवे मंदावत गेले आणि दिवाळीपर्यंत ठार बंद पडले. मग मी हात धरायचो आणि ती वाटभर तो झटकत यायची. "अशी वरात काढून यायचं असेल तर मी बाकड्यावर जातच नाही," ती चिडून म्हणाली. म्हणून रविवारी सकाळी पहिला दिवा उपटला.

शी! डोक्यावरच्या सौर पट्टीवर शेंदराचा जाड थर. त्यात तेल, तेलात धूळ, वर कबुतरांची शीट. कडेला गुळाचा काळा चिकटा आणि त्यात मेलेल्या मुंग्या.

"हे काय आहे?" मी ओरडलो.

"खंडेनवमीला पुजले मी," आई ओट्यावरून म्हणाली. "शस्त्रं पुजतो ना आपण?"

आमचे पूर्वज इथल्या संस्थानच्या फौजेत होते. घरची तलवार वाटणीत काकांकडे गेली, तेव्हापासून आई नवमीला हाताला लागेल ते पुजते. विळी, अडकित्ता, माझी स्कूटर. स्कूटरची एका टिळ्यावर बोळवण होते. दिव्यांना मात्र तिने सढळ हाताने शेंदूर फासून वर गुळाचा नैवेद्य ठेवला होता. ऊन पोचूच नये असा चोख बंदोबस्त!

"अगं, दिवे म्हणजे शस्त्रं का?"

"ते मला पडू देत नाहीत. तुझ्या काकांच्या तलवारीने काय केलंय माझ्यासाठी?"

मी जुना टूथब्रश आणि साबण घेऊन बसलो. खवट तेलाच्या वासाने डोकं उठलं. पायरीजवळच्या दिव्याचं बूड उघडलं, तर आत सेलला चिकटून पाल मेलेली. अर्धी वाळलेली, अर्धी नाही. काडीने ओढली तर शेपटी तेवढी आली. उरलेली बोटांनी खरवडून काढली. असला घाणेरडा रविवार वैऱ्यालाही नको.

दिवसभर उन्हात ठेवलेले दिवे संध्याकाळी लागले. पालीचा तेवढा लागला नाही. मी अंगणाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात परत त्याचं बूड उचकटत बसलो होतो.

"लाइट आवी गई, बेन!" फाटकापाशी बा म्हणाल्या. आई एकटीच निघाली, उजेडातून झपझप आली आणि पायरीपाशी अंधारात थबकली. मी धावत जाऊन हात पुढे केला.

तिने नाकाला पदर लावला. "ईऽऽ! काय घाण वास येतोय हाताला. आधी धुऊन ये जा!"

मी घासून घासून हात धुऊन आलो, तेव्हा ती ओट्यावर बसून चपला काढत होती.