वायसरमामांचा हात

आमच्या इमारतीत कुणाचाही नळ गळायला लागला की निरोप वायसरमामांना जायचा. त्यांचं खरं नाव तीस वर्षांत कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही आपण होऊन सांगितलं नाही. नळ गळो, टाकी वाहो की कुणाचा गुडघा दुखो, मामांचं निदान एकच, वायसर गेलंय. तळमजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांना विसरायला व्हायला लागलं, तेव्हाही मामांनी त्यांच्याकडे बघून मान हलवत हेच सांगितलं. सगळ्यांत मोठ्याने हेडमास्तर हसले. थोड्या वेळाने, आपण कशाला हसलो, असं त्यांनी मामांनाच विचारलं.

मामा राहायचे मागच्या गल्लीत, दोन खोल्यांत, मामींबरोबर. पाना, करवत आणि रबराचे तुकडे ठेवायला कापडी पिशवी, पायात जाड रबरी चपला. त्या चपला ते बाथरूममध्येही काढत नसत. ओल्या फरशीचा आणि आपला जुना वाद आहे म्हणत.

काम संपलं की त्यांचा एक ठरलेला कार्यक्रम असे. डाव्या हाताची पालथी बोटं ओली करून ते नळावर टेकवत, डोळे मिटत आणि वैद्याने नाडी बघावी तसे उभे राहत. मग म्हणत, "मुंग्या नाहीत. करा अंघोळ बिनधास्त." घरोघरी गिझर आले तेव्हापासून हे सुरू झालं होतं. आमच्या घरात टेस्टर होता, कपाटाच्या खणात. पण मामांच्या हातानंतर टेस्टर लावणं म्हणजे जेवण झाल्यावर स्वयंपाकाची चौकशी करणं.

हाताचं दुसरं कौतुक चहाचं. शेगडीवरून उतरलेला चहा स्टीलच्या पेल्यात ओतला की आम्ही तो फडक्यात धरून फुंकत बसायचो. मामा अख्ख्या तळव्यात पेला धरायचे आणि गप्पा मारायचे. मुलं बघायला जमायची. पोळत नाही का, असं कुणी विचारलं की म्हणायचे, तीस वर्षं पाइप आवळतोय, हात काय कापसाचा राहणार? मुलं टाळ्या वाजवायची. मीही वाजवल्या आहेत.

आणि एक तत्त्व होतं. दुसऱ्याच्या धंद्यात हात घालायचा नाही. वायरमनने पाण्याला शिवायचं नाही, मामांनी विजेला. कामासाठी भिंतीवरची खुंटी काढावी लागली तरी मामा ती त्याच भोकात, त्याच कलाने परत बसवून जायचे.

दोन वर्षांपूर्वी इमारतीतले लोखंडी पाइप गंजले म्हणून मामांनी ते घरोघरी बदलून प्लास्टिकचे घातले. बऱ्याच बाथरूममध्ये गिझरकडून एक हिरवी वायर खाली येऊन लोखंडी पाइपाला गुंडाळलेली होती. मामांनी ती सोडवली, पाइप बदलला आणि तीच वायर नव्या प्लास्टिकच्या पाइपाला गुंडाळून वर झकास गाठ मारली. होती तशी. स्वतःच्या घरीही त्यांनी तसंच केलं. आमच्याकडे मी शेजारी उभा राहून त्या गाठीचं कौतुक केलं होतं.

ती वायर अर्थिंगची होती. गिझरमध्ये वीज गळायला लागली तर ती त्या वायरीने लोखंडी पाइपात आणि पाइपातून जमिनीत जावी, म्हणून जुन्या वायरमनने तशी बांधलेली. ती पद्धतही चुकीचीच, पण निदान वाट होती. प्लास्टिकमधून वीज कुठेच जात नाही. ती गिझरला, नळाला, पाण्याला धरून बसते, कुणी हात लावेपर्यंत. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी गाठ चांगली आहे एवढंच माहीत होतं.

मामींनी पहिल्यांदा सांगितलं ते जेवताना. नळ चावतोय म्हणाल्या. मामा उठले, हात लावून आले आणि म्हणाले, काही नाही, तुझंच वायसर गेलंय. मामी हसल्या. त्यांना सवय होती.

आठ दिवसांनी मामांना नळाला कोरडं फडकं गुंडाळलेलं दिसलं. मामी ते धरून नळ फिरवायच्या. प्लंबरच्या घरातल्या नळाला पट्टी बांधलेली कुणी बघितली तर काय म्हणेल, असं म्हणून मामांनी ते सोडून टाकलं आणि या वेळी चांगला मिनिटभर हात टेकवला. चपला पायात होत्याच. मुंग्या नव्हत्या. मामींनी हे आमच्या हिला जिन्यात सांगितलं. ही म्हणाली, मामांनी हात लावून बघितलंय ना, मग नसणार काही. हे वाक्य हिच्या लक्षात आहे. मी विषय काढत नाही.

तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते.

"अहो, एकदा त्या वायरमनला बोलवा ना."

"अगं, मी लोकांचे नळ बघतो आणि माझ्या घरचा नळ बघायला दुसरा माणूस बोलवू?"

"बरं," मामी म्हणाल्या आणि टॉवेल घेऊन आत गेल्या.

मामा बाहेरच्या खोलीत रबराच्या तुकड्यातून वायसर कापत बसले होते. बादलीचा आवाज आला. नळ सुटला. बादली भरली, ओसंडून वाहायला लागली तरी नळ बंद होईना. पाणी फुकट जातंय, एवढंच मामांच्या मनात आलं. नळ बंद कर, असं त्यांनी दोनदा ओरडून सांगितलं. मग दार वाजवलं. मग ढकललं.

मेन स्विच बंद करायला हवा, हे त्यांना सुचलं नाही. त्यांनी आधी नळ बंद केला. मग मामींना उचललं. मामांना काही झालं नाही. पायात रबर होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी मामी गेल्याचं सांगितलं. मग मामांचे हात बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे, एका बोटाला सुई टोचली आणि कळतंय का, असं विचारलं. मामांनी विचारलं, काय? साखर वाढलेली होती. बोटांची जाणीव तीन-चार वर्षांपूर्वीच गेली असावी, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे टाळ्या वाजत होत्या तेव्हा ती गेलेलीच होती.

दुपारी वायरमन आला. त्याने नळाला टेस्टर लावला, दिवा लागला. मग त्याने मागचा पाइप बघितला.

"ही वायर प्लास्टिकवर कुणी बांधली?"

"मी."

"का?"

"होती तशी ठेवली," मामा म्हणाले.

मामा रडले नाहीत. लोक भेटायला येत होते, ते रडतील म्हणून वाट बघत होते आणि चहा पिऊन जात होते. चौथ्या दिवशी सकाळी ते वायरमनला घेऊन आमच्या इमारतीत शिरले आणि तळमजल्यापासून सुरुवात केली. एकोणीस घरं. कुठल्या घरात वायर होती ते त्यांना पाठ होतं. प्रत्येक दारात एकच वाक्य, एकाच आवाजात. "बाथरूम बघायचंय. माझं काम चुकलंय." हेडमास्तरांनी विचारलं, मामी कशा आहेत? मामा म्हणाले, बऱ्या आहेत, आणि आत गेले.

आमचं घर अकरावं. वायरमनने नळाला टेस्टर लावला. आतला दिवा अगदी मंद लागला. बाथरूमच्या दारावर आमच्या मुलीचा टॉवेल वाळत होता. ती अर्ध्या तासापूर्वी अंघोळ करून शाळेत गेली होती. मी त्या टॉवेलकडे बघत राहिलो. काही वाटायला हवं होतं, पण ते संध्याकाळी ती घरी आल्यावर वाटलं.

वायरमनने मेन बंद केला. गाठ मामांनीच सोडवायला घेतली. पक्की होती आणि बोटांना ती कळत नव्हती, म्हणून ते डोळ्यांनी बघून एकेक पीळ सोडवत होते. मी मदतीला हात पुढे केला तर नको म्हणाले. वायरमनने नवी अर्थिंग थेट बोर्डापर्यंत ओढली, वीज गळली की आपोआप पडणारा एक छोटा स्विच बसवला आणि गिझर दुरुस्त होईपर्यंत लावायचा नाही, असं बजावलं.

हिने चहा केला आणि सवयीने मामांना स्टीलचा पेला दिला. मामांनी तो अख्ख्या तळव्यात धरला. पेल्यातून वाफ येत होती.

मग ही म्हणाली, "मामा, गरम आहे. खाली ठेवा."

मामांनी पेल्याकडे बघितलं. मग हिच्याकडे.

"पोळतंय?"

"हो."

मामांनी पेला लगेच खाली ठेवला. हात मांडीवर घेऊन बसून राहिले. वायरमनचा चहा संपला, त्याने हत्यारं आवरली, तरी पेला तिथेच होता.

"ताई," मामा म्हणाले, "निवला का, जरा बघून सांगा."